इंटरव्हल सर

आमचे सर सिनेमा अर्धाच बघायचे. इंटरव्हलचे दिवे लागले की ते कापडी पिशवी उचलून थिएटरबाहेर पडत आणि जालन्याच्या स्टँडवर येऊन अंबडची एस.टी. पकडत. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी त्यांची टिंगल करतंय. मग एकदा आम्ही चार मैत्रिणी सिनेमाला गेलो होतो, तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. सर आमच्या पुढच्याच रांगेत होते आणि अगदी ऐन रंगात आलेला सिनेमा सोडून निघाले होते.

"सर, पुढचं बघायचं न्हाई का?" मी विचारलं.

"पुढं त्यांना सगळं उरकायची घाई असती. पुढचं मी बसमधी बघतो," ते म्हणाले आणि गेले.

सोमवारी वर्गात त्यांनी त्या सिनेमाचा उत्तरार्ध सांगितला. त्यात नायक खलनायकाच्या घरी जाऊन त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करतो आणि भांडण तिथंच बारगळतं. आम्ही खरा शेवट पाहून आलो होतो. त्यात मोजता येणार नाहीत इतकी माणसं मेली होती. वर्गानं हात वर करून सरांच्या शेवटाला मत दिलं. तेव्हापासून ते सगळ्यांचे इंटरव्हल सर झाले.

अंबडच्या कॉलेजात ते राज्यशास्त्र शिकवत. नाव विश्वनाथ किसन. किसन हे त्यांच्या वडिलांचं नाव. त्यापुढे आडनाव नाही. घराच्या पाटीवरही एवढंच. "आपल्या फॉर्मात आडनाव आधी येतं, माणूस मागून येतो. मी नुसता माणूस लिहितो," असं ते म्हणत. आम्हाला ते फार मोठं वाटायचं. वर्गातल्या कितीतरी जणांनी वह्यांवरची आडनावं खोडली. मीही खोडलं होतं, वडिलांच्या नजरेस पडेपर्यंत.

तास सुरू असताना ते मध्येच थांबत आणि "सहज सांगतो" म्हणत. मग काहीही निघायचं. भाजीवाल्या मावशीनं वांग्याला वापरलेला एखादा शब्द, पुढाऱ्याच्या भाषणातला एखादा 'आम्ही'. प्रचारसभेला ते सगळ्या पक्षांच्या जात आणि मागं उभं राहून डोळे मिटून ऐकत. "डोळे उघडले की माणूस दिसतो, मंग शब्द ऐकू येत न्हाईत," असं त्याचं कारण. स्वतःचं मत मात्र त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नाही. काकू हसत म्हणायच्या, "ह्यांचं गुप्त म्हणजे बिलकुल गुप्त."

आमच्या वर्गात भागवत नावाचा एक अबोल मुलगा होता. बाहेरून आलेल्या एका प्राध्यापकांनी त्याला उभं करून, "न्हाई नव्हे, नाही म्हण," असं बजावत सगळ्यांसमोर पुन्हा पुन्हा 'नाही' म्हणायला लावलं. आम्ही हसलो. सर व्हरांड्यातून जात होते, त्यांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पूर्ण तास आपल्या बोलीत घेतला. मूलभूत हक्क, राज्यपालांचे अधिकार, सगळं 'करून राह्यले' आणि 'गेल्ते'मध्ये. शेवटी म्हणाले, "प्रमाण भाषा म्हणजे इस्त्रीचा सदरा हाय. लग्नाला घाला, मुलाखतीला घाला. पण मायजवळ बसताना घालू नका. तिला वाटंल, ह्यो कोण पाव्हणा आलाय." भागवत त्या दिवशी पहिल्यांदा मोकळा हसला. पुढं शेवटच्या वर्षाला त्याचे वडील वारले तेव्हा परीक्षा होईपर्यंत तो सरांच्याच घरी राहिला. काकू त्याला सकाळी उठवून चहा देत.

सर निवृत्त झाले, आम्ही पांगलो. मी वडीगोद्रीत हायवेला लागून ऑनलाइन सेवा केंद्र टाकलं. फॉर्म भरणं, दाखले काढणं, झेरॉक्स. भागवत अंकुशनगरला साखर कारखान्यात लागला. कुणीतरी जुन्या विद्यार्थ्यांचा व्हॉट्सअॅपवर गट केला, त्याला 'सहज' असं नाव दिलं. सर रोज सकाळी तिथं चार-सहा ओळी लिहायचे. बसमधला कंडक्टर, सुनेनं सासूला लावलेला फोनवरचा सूर, नव्या सिनेमातली नायिका स्वयंपाकघरात कशी परकी वाटते, असलं काहीही. मी शटर उघडायच्या आधी ते वाचायची.

एका नोव्हेंबरमध्ये सर स्वतः माझ्या केंद्रात आले. निवृत्तीवेतनासाठी दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो काढायचा होता. त्यांच्या आधारवरचं नाव आणि सरकारी नोंदीतलं नाव जुळत नव्हतं, म्हणून त्यांनी पिशवीतून शाळा सोडल्याचा जुना दाखला काढून दिला. कागद घड्यांवर फाटत आला होता.

"अंबडला इतकी केंद्रं आहेत सर, इतक्या लांब कशाला आलात?" मी विचारलं.

"तिथं गर्दी असती," ते म्हणाले.

दाखल्यावर त्यांचं आडनाव होतं. आमच्याकडं ते आडनाव ऐकलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं घेऊन फिरलेल्या लोकांचं ते आडनाव. मी बघतच राहिले. इतकी वर्षं आम्ही सगळ्यांनी, का कोण जाणे, त्यांना आमच्यातलंच धरलं होतं. आम्ही म्हणजे जमीनजुमला असलेली, शेतकरी घरातली मुलं. गटात आमचीच संख्या जास्त होती. काम झालं, चहा घेतला, ते गेले.

आणि त्याच संध्याकाळी कुठल्यातरी फॉर्मसाठी भागवतचा फोन आला तेव्हा मी बोलता बोलता म्हणून गेले, "अरे, सरांचं आडनाव माहितीय का तुला?" माझ्या मनात काहीच वाईट नव्हतं. गंमत वाटली होती, एवढंच. मी ते सांगूनही टाकलं. भागवत पलीकडून म्हणाला, "असं हाय का."

त्यानंतर काही महिन्यांतच आमच्या भागातलं वारं फिरलं. आरक्षणावरून दोन समाज एकमेकांकडं संशयानं बघायला लागले. एकाच हॉटेलात चहा पिणारी माणसं वेगवेगळ्या हॉटेलांत बसू लागली. माझ्या केंद्रातही लोक दारातून आधी आत कोण बसलंय ते बघायचे. तशा एका सकाळी सरांनी गटावर लिहिलं:

"सहज. काल एस.टी.त शेजारच्यानं गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग तो खिडकीबाहेर बघत बसला. पूर्वी लोक गाव विचारून ओळख काढायचे. माझं उतरायचं ठिकाण येईपर्यंत मला त्याच्या मानेकडं बघत बसावं लागलं."

मग भागवतनं लिहिलं, "मंग सर, तुम्ही काय आडनाव सांगितलं त्याला?"

सरांचं उत्तर आलं नाही. दहा-एक मिनिटांनी भागवतनं आणखी एक संदेश टाकला. त्यात एकच शब्द होता. सरांचं आडनाव.

मी एका मुलीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरत होते. हातातलं काम थांबलं. ती म्हणाली, "ताई, बरं वाटत न्हाई का?" मी मान हलवली, पण मला पुढचं अक्षर टाइप करता येईना. गटावर तोवर धडाधड संदेश येत होते. "आता कळलं सर असं का लिहितात." "शेवटी आपल्या माणसांचीच बाजू." ज्यांनी वह्यांवरची आडनावं खोडली होती, त्यांचेच ते संदेश. दोघा-तिघांनी भागवतला झापलं, त्यांना उलट विचारलं गेलं की तुम्ही कुणाचे. मी काहीच लिहिलं नाही. तो कागद सरांनी एकाच ठिकाणी दाखवला होता, ते लांबच्या गावी का आले होते, हे मला त्या क्षणी कळलं. आणि ते माझ्याकडूनच फुटलं, हे सरांनाही कळलं असणारच.

सर गटातून बाहेर पडले नाहीत. फक्त सकाळच्या ओळी थांबल्या. मी एकदा अंबडला त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि तिथल्या दुकानातून नको असलेली बिस्किटं घेऊन परत आले. फोन कितीदा हातात घेतला. माफी मागायची म्हणजे मी केलंय हे सांगायचं, आणि न सांगताच ते विसरले तर बरं, असंही मनात येई. खरं सांगायचं तर तेच जास्त येई.

पुढच्या नोव्हेंबरमध्ये सर पुन्हा आले. मी मान वर केली तर ते दारात उभे. वाळले होते. ते नेहमीसारखे समोरच्या खुर्चीत बसले, पिशवी मांडीवर घेतली.

"सर, ते भागवतला..." मी सुरुवात केली.

"ठाऊक हाय मला. आधी मी जिवंत हाय का ते बघ."

मी अंगठ्याचं यंत्र पुढं केलं. त्यांचा अंगठा जुळेना. पुसून पाहिला, दुसरं बोट लावून पाहिलं. यंत्र प्रत्येक वेळी नकार देत होतं आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. चौथ्या वेळी एकदाचा हिरवा दिवा लागला.

मग मी सांगितलं. जसं झालं तसं, गंमत वाटली होती हेही. ते ऐकत होते, डोळे मिटून.

"मला राग आल्ता," ते म्हणाले. "भागवतचा न्हाई. तुझाच. त्यानं जे केलं ते त्याच्या डोक्यात कुणीतरी भरलेलं होतं. तू मात्र माझा कागद वाचून हसली असशील, असं वाटलं."

"हसले नाही सर."

"बरं." ते म्हणाले, "पण मंग घरी बसून विचार केला. रेखा, तुला एक सांगतो, हे मी तुझ्या काकूलाही सांगितलेलं न्हाई. मी नोकरीला लागलो तेव्हा जालन्यात मस्तगडला खोली बघायला गेल्तो. मालकानं नाव विचारलं. मी नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, आणि थांबलो. तो म्हणाला, पुढं? मी म्हणालो, एवढंच. त्यानं मला बघितलं, शर्ट बघितला, आणि किल्ली दिली. मी घाबरलो होतो गं. दुसरं कायच नव्हतं. पुढं वर्गात कुणीतरी विचारलं की सर आडनाव का लावत न्हाई, तर मी ते माणूस आधी वगैरे बोललो. पोरांच्या डोळ्यांत चमक आली. ती मला आवडली. मंग मी तेच खरं धरून चाललो."

ज्या वाक्यावर आमची अख्खी पिढी भाळली होती, ते वाक्य एका घाबरलेल्या तरुणानं खोलीसाठी उच्चारलेल्या 'एवढंच'मधून आलं होतं. आणि तो तरुण आता म्हातारा होऊन माझ्यासमोर बसून ते सांगत होता. त्यांना सांगायची काहीच गरज नव्हती. गुन्हा माझा होता. उलट आपलीच चूक काढून ते माझ्यासमोर ठेवत होते.

"माझा बाप मेंढरांमागं फिरला," ते म्हणाले. "त्याचं नाव मी लावलं आणि त्याचं कूळ लपवलं. हे काय बराबर न्हाई झालं. टाइप करतेस का? माझी बोटं थरथरतात."

मी त्यांच्या फोनवरून गटात लिहिलं. ते सांगत गेले. मस्तगडची खोली, मालक, किल्ली, वर्गातलं ते वाक्य, सगळं. शेवटी त्यांनी पूर्ण नाव घालायला सांगितलं, आडनावासकट. ते आडनाव मी इथं लिहीत नाही. सरांनी ते स्वतः जाहीर केलं, पण मी एकदा त्यांची गोष्ट दुसऱ्याच्या हातात दिली आहे, पुन्हा देणार नाही.

त्या दिवशी गटावर एकही उत्तर आलं नाही. संध्याकाळी भागवत गटातून बाहेर पडला.

दुसऱ्या दिवसापासून सरांच्या ओळी पुन्हा सुरू झाल्या. त्या उन्हाळ्यापर्यंत चालल्या. मग एका सकाळी त्यांच्या नंबरवरून संदेश आला, मी नेहमीसारखा उघडला, आणि तो त्यांच्या मुलीनं, मुक्तानं लिहिलेला होता. "बाबा पहाटे झोपेतच गेले. दुपारी नेणार आहोत."

मी शटर तसंच अर्धवट ओढून अंबडला गेले. अंगणात माणसं जमली होती, दोन्ही समाजांची. भागवत तिथं आधीच आलेला होता. सामानाची धावपळ तोच करत होता, कुणाशी बोलत नव्हता. तिरडीला त्यानं खांदा दिला तो स्मशानापर्यंत बदलला नाही. परत आल्यावर तो नळाखाली बराच वेळ हात धूत राहिला.

माणसं पांगल्यावर मुक्ता माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "ताई, तुमच्या केंद्रातून आल्यावर बाबा बरे झाले होते. नाहीतर ते वर्ष फार वाईट गेलं आमचं. त्यांचा कागद कुणी फोडला ते त्यांना माहिती होतं. आईनं किती विचारलं, मी विचारलं. शेवटपर्यंत नाव सांगितलं न्हाई."

मला गप्प बसता आलं असतं. कुणाला कधीच कळलं नसतं. काकू आत भिंतीला टेकून बसल्या होत्या, मला तिथून त्यांची पाठ दिसत होती.

"मुक्ता, ती मी होते," मी म्हणाले.

ती माझ्याकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता अजून, नुसताच धक्का होता. मी तिला फोनचं सांगितलं, भागवतचं सांगितलं, सरांना मी स्वतः सांगितलं होतं हेही सांगितलं. ती उठली, पदर सावरला, दारापर्यंत गेली आणि तिथं थांबली.

"आज मला तुमच्याशी बोलता यायचं न्हाई, ताई," ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "दहाव्याला या."

दहाव्याला मी गेले.