आईंचा डोळा

पुण्याहून म्हैसूरला आलो तो निवांतपणाच्या ओढीनं. नोकरी मिळाली एका छोट्या कंपनीत. मधुमेही माणसाच्या डोळ्याच्या पडद्याचा फोटो पाहून धोका सांगणारं यंत्र आम्ही बनवायचो. नवा बदल केला की आमच्यातलंच कुणीतरी यंत्रापुढं बसायचं, हा तिथला रिवाज. सगळे तिशीतले, डोळे लखलखीत. यंत्र कधी चुकायचंच नाही.

नेत्रशिबिरांत यंत्र वापरण्याच्या करारावर सही करायला डॉक्टर येणार, त्या सकाळी आमच्या विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, "आज खुर्चीत माझी आई बसेल." रविवारी त्यांनी यंत्र मंडी मोहल्ल्यातल्या घरी नेलं होतं. आईंना मधुमेह, वर मोतीबिंदू, आणि ऑपरेशन टाळण्याचा हट्ट. फोटोत नुसतं धुकं आलं, तरी यंत्र म्हणालं, धोका नाही.

करार गेला तर आमचा विभाग बंद होणार होता, आणि मी सरस्वतीपुरममध्ये नुकतंच घर घेतलेलं.

"मॅडम, सही होऊ दे, मग दुरुस्त करू. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि तोवर शिबिरात येणाऱ्यांना काय सांगायचं?" आवाज जराही चढला नाही.

आई खुर्चीत बसल्या. हिरवी अक्षरं उमटली: धोका नाही. डॉक्टर खूश झाले. मॅडम म्हणाल्या, "सर, हे चूक आहे. यंत्राला आतलं काही दिसलंच नाही. चाचण्या कशा घ्यायच्या ते मी ठरवलं होतं. चूक माझी."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं आणि आईंना थेट दवाखान्यात नेलं. मोतीबिंदू काढल्यावर कळलं, मागं पडद्यावर रक्तस्राव सुरू झाला होता. वेळेवर सापडला, म्हणून नजर वाचली. त्या सकाळी विभाग जाणार या भीतीत मी होतो, तरी मॅडमकडं बघतच राहिलो. एवढं धैर्य मी जवळून कधी पाहिलं नव्हतं.

संचालकांशी भांडून त्यांनी विभाग चालू ठेवला. त्यापायी स्वतःची केबिन गेली, तेव्हा आमच्यात येऊन बसल्या. आम्ही यंत्राला एकच गोष्ट शिकवत होतो: दिसत नसेल तर तसं सांगायचं. माणसांनाही ते जमत नाही.

पुढं डॉक्टर परत आले. आईंचा तोच धुकट फोटो यंत्राला दाखवला. या वेळी आई मागं उभ्या होत्या. नवा चष्मा सावरत त्यांनी यंत्रावरची अक्षरं स्वतःच वाचली: नीट दिसत नाही, डॉक्टरांना दाखवा.

"आत्ता खरं बोललं," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "साकु, पुरे आता. सही करा."