गुलाबी कापूस
दुकानात, घर उबदार राहावं म्हणून भिंतींत भरतात त्या इन्सुलेशनचे गुलाबी गठ्ठे दिसले की अजूनही माझे तळहात चुरचुरतात. २००४च्या सुमारास आम्ही इथे परदेशात, नेपरव्हिलमध्ये एक जुनं घर घेतलं, त्याचं बेसमेंट इतकं गार की खोबरेल तेल तिथे उन्हाळ्यातही गोठायचं. थंडीत माझ्या बाळंतपणाला माझी आई येणार होती, तिची सोय तिथेच होती, म्हणून नवरा भिंतींत इन्सुलेशन भरत होता. सासूबाई त्याआधीच नागपूरला परतणार होत्या, आणि आईचा विषय निघाला की उठून आत जायच्या. एका दुपारी त्या कुठे दिसेनात म्हणून मी खाली गेले, तर ओलसर सिमेंटच्या वासात जमिनीवर फतकल मारून त्या इन्सुलेशनचा एक गठ्ठा हातांनी पिंजत बसलेल्या. “अहो आई, तो कापूस नाही, काचेचे तंतू आहेत!” “तरीच आग होतेय,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, दाबलेल्या कापसात ऊब कुठली? आपण गादी नाही का पिंजून घेत?” मग खोक्यांना लावायची चिकटपट्टी त्यांच्या तळहातांवर दाबून मी ती कुसं काढत बसले. लग्नानंतर त्यांचा हात इतका वेळ माझ्या हातात पहिल्यांदाच होता. “पण तुम्ही कशाला बसलात हे करत?” मी विचारलं. “विहीणबाईंना गार लागायला नको,” त्या खाली बघत म्हणाल्या, “तेव्हा मी नसेन ना इथे.” पिंजलेला तो ढीग नवरा फेकून देणार होता. मी तो आईच्या उशाकडच्या भिंतीत भरायला लावला. अजून तिथेच आहे.