बिर्याणीच्या भाताचे पाणी

निवृत्तीनंतरही मी सांडपाण्याची कामे घेतो. नल्लकुंट्यातील माझ्या घरात वर्तमानपत्र दुसऱ्यांदा वाचण्यापेक्षा ते बरे. हैदराबादबाहेर, टेकड्यांच्या बाजूला, सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते आणि त्या वाटेवर उपाहारगृहे झाली आहेत. तेथे गटारयोजना नाही. प्रत्येकाने आपले पाणी आपल्या आवारातच शुद्ध करावयाचे असते.

अशाच एका ठिकाणाहून बोलावणे आले. मालक पुण्याचा, संगणकाची नोकरी सोडून पत्नीसह तेथे आलेला. त्याच्या आवाराखाली गावाचे लहान तळे होते. गुरे तेथे पाणी पीत. तळ्याला दुर्गंधी येऊ लागली आणि सरपंचबाईंनी त्याला बजावले: संक्रांतीपर्यंत वास गेला नाही तर चूल बंद.

"काका, पुण्यातला फ्लॅट विकून आलोय," तो म्हणाला. "हे बंद झालं तर परत जायला जागा नाही."

मी धीर दिला नाही. झाकणे उघडण्यास सांगितले.

रचना साधी होती. स्वयंपाकघराचे पाणी प्रथम एका हौदात येई. तेथे ते स्थिरावून तूप-तेल वर थिजावे आणि काढून टाकता यावे, हा उद्देश. पुढे बंद टाकी, तिच्यापुढे खडीत लावलेली कर्दळ, आणि मग तळे. आराखडा दुसऱ्या कोणाचा होता. त्यात दोष दिसेना. परंतु कर्दळीच्या वाफ्यात पाणी तुंबले होते आणि खडी मेणासारखी चिकट लागत होती.

"हौद आम्ही नियमित साफ करतो," मालक अभिमानाने म्हणाला. "चरबी फारशी निघतच नाही."

जेथे एवढे मटण शिजते, तेथे हौदात चरबी नसणे ही स्वच्छतेची खूण नव्हे. ती पुढे निघून गेली आहे, एवढाच त्याचा अर्थ. ती का जाते हे पाहण्यासाठी मी रविवारी स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसलो.

बिर्याणीचा तांदूळ भरपूर खळखळत्या पाण्यात अर्धा शिजवतात, झाऱ्याने उपसून मटणावर पसरतात, आणि उरलेले पाणी फेकून देतात. खानसाम्याने ते भले मोठे पातेले मोरीत कलंडले. वाफेत तो स्वतःही दिसेनासा झाला. मी बाहेर जाऊन हौदाचे झाकण उचलले. थिजलेला थर वितळून पुढच्या टाकीकडे वाहत होता. पुढे खडीत निवल्यावर तो पुन्हा थिजणार, हे उघड होते. भात आटवून शिजवणाऱ्या स्वयंपाकघराला ही रचना पुरली असती.

"उस्ताद, ये पानी ठंडा करके कायकु नै डालते?" मी आत येऊन खानसाम्याला विचारले.

"पतीला अडका को रखूँ तो दूसरा घान काय में उबालूँ, साब? आपकु बिर्यानी होना की मोरी होना?"

"दोनों होना."

भाताच्या पाण्यासाठी मी विटांचा वेगळा हौद बांधविला आणि त्याची मोरी चुलीला लागूनच काढली. खानसाम्याला एक पाऊलही जास्त टाकावे लागू नये, अन्यथा रविवारच्या घाईत ती मोरी कोणी वापरणार नाही. पाणी रात्रभर निवे आणि सकाळी बारीक धारेने पुढे जाई. वाफ्यातील खडी उपसून धुतली, कर्दळ पुन्हा लावली.

संक्रांत जवळ आली तेव्हा सरपंचबाई तळ्याच्या काठावर येऊन उभ्या राहिल्या. पदर नाकापाशी होता. तो हळूहळू खाली आला.

"कंपु लेदु," त्या म्हणाल्या. वास नाही. मग मालकाकडे वळून हिंदीत: "चूल्हा जलाओ. लेकिन तुम पूनावाले मिर्ची डालना कब सीखते?"

"मिर्ची मैं डालता, अम्मा!" खानसामा दारातून गरजला. "बैठो, खाके देखो!"

मालक माझ्या पाया पडण्यास वाकला. मी बाजूला झालो. त्याची पत्नी पाने मांडू लागली होती.

बाई जेवायला बसल्या. मीही बसलो. भात मोकळा होता.