आधी माझ्या डोळ्यात

बाटल्यांवरचे दोरेच गायब! लाल दोरा कानाच्या औषधाला, हिरवा डोळ्याच्या, अशी माझी खूण. सासूबाईंनी ते जाळं शिवायला सोडून नेलेले. आता दोन्ही बाटल्या सारख्या, वर इंग्रजीत तीन-तीन अक्षरं, तीपण सारखीच दिसणारी. मी चौथी शिकलेली. मांडीवर माझी दोन वर्षांची सई डोळा चोळत रडत होती.

“घाल गो लवकर!” सासूबाई ओरडल्या.

मी एका बाटलीतला थेंब आधी माझ्याच डोळ्यात टाकला. नुसती आग आग! दुसऱ्या डोळ्यात दुसरी बाटली, ती गार लागली. तीच सईला घातली.

“येडी हायस,” म्हणत सासूबाईंनी पदरानं माझा डोळा पुसला.

आज सई पुस्तकातून मोठ्यानं वाचते, “इअर म्हंजे कान, आय म्हंजे डोळा.” ऐकून माझा डोळा चुरचुरतो, पण मान ताठ होते. तुम्ही काय केलं असतं?