जेवणाचा भोंगा, धोक्याचा भोंगा

आमच्या शीतगृहातले किस्से केळीच्या क्रेटसारखे साठतात. वरचा उचलावा, तर खाली आणखी दोन! जळगावजवळचं हे शीतगृह. मी तिथला सेफ्टी ऑफिसर. केळी थंड ठेवायला पाइपांतून अमोनिया फिरतो आणि भिंतीपलीकडेच कामगारांची वस्ती आहे.

रुजू झाल्या झाल्या मी मॅनेजर नानांना म्हटलं, "वस्तीला हा धोका सांगायलाच हवा. कायदा आहे."

"कधीचा?"

"भोपाळनंतरचा. वायुगळतीत हजारो माणसं गेली, तेव्हा पर्यावरणाचा कायदा आला, कारखान्यांचे नियम कडक झाले."

नाना शांतपणे म्हणाले, "म्हणजे आधी माणसं जातात, मग कायदा येतो. आपल्याकडे अजून कुणी गेलेलं नाही. घाई कशाला?"

*

गॅस गळला तर वारा कुठे चाललाय हे कळावं, म्हणून गच्चीवर कापडी पिशवी लावतात. आमचा खांब रिकामा!

वॉचमन आबा म्हणाले, "आहे ना साहेब, कपाटात. वाऱ्यानं फाटली असती!"

*

धोक्याची पाटी मी स्वतः रंगवून आणली. ती लागली नानांच्या केबिनमध्ये.

"बाहेर लावली तर लोक घाबरतील," नाना म्हणाले.

"त्यासाठीच तर पाटी असते!"

"मग मी घाबरतोय ना! पुरे."

*

मॉक ड्रिल झालं. सकाळीच भोंगा वाजवला. कामगारांना आधीच सांगून ठेवलं होतं, ते शिस्तीत मागच्या मैदानात गेले. नाना खूश! पण आमचा धोक्याचा भोंगा आणि जेवणाचा भोंगा एकच. मी गेटवर गेलो, तर वस्तीतल्या बायका डबे घेऊन हजर.

"आज जेवन लवकर शे का?"

खरी गळती असती तर? मी वेगळा भोंगा मागितला.

"पुढच्या बजेटला बघू," नाना म्हणाले.

*

शेवटी मीच वस्तीत गेलो. साक्रीकडच्या एक अक्का पुढेच बसल्या होत्या. त्यांचा मुलगा आमच्याकडे कॉम्प्रेसरवर आहे. मी भोपाळ सांगितलं, कायदा सांगितला. "अवेळी भोंगा झाला तर गेटकडे यायचं नाही. नाकावर ओला फडका धरायचा आणि वाऱ्याला आडवं निघायचं. कुणासाठी थांबायचं नाही!"

अक्कांनी सगळं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. मला वाटलं, चला, जमलं!

मग त्यांनी शीतगृहाच्या भिंतीकडे, आत कॉम्प्रेसर चालतो तिकडे बोट केलं.

"बठ्ठं समजनं, भाऊ. पन मना पोऱ्या मझार शे. त्याले कोन काढी?"