चांदणी लावलेला माळ

शब्दकोशाच्या कचेरीत त्याला सगळे ‘बहुधा’ म्हणत. शब्दांची कुळं शोधता शोधता तोच शब्द त्याच्या जिभेवर असा बसला होता की चहा घेणार का, विचारलं तरी तो “बहुधा” म्हणे.

सध्या एका लॅटिन शब्दानं त्याची झोप उडवली होती. आगेर, म्हणजे शेतजमीन. त्याच्यामागे आग्रोससारखा काहीतरी शब्द असावा. कुणी लिहून न ठेवलेला, भावंडभाषांवरून अंदाजानं उभा केलेला. संस्कृतातला अज्र, म्हणजे माळ, त्याचाच भाऊबंद. अशा अंदाजी शब्दाआधी कोशात चांदणी, म्हणजे तारकेची खूण, काढतात. आणखी मागे गेलं तर हाकणं या अर्थाचा धातू. म्हणजे शेताआधी ती गुरं हाकण्याची जागा होती का? की नुसतंच जुळतंय? तो चांदणीवर बोट ठेवून बसे, बोटाखाली ती टोचल्यासारखी वाटे.

तेवढ्यात गावाहून ताईचा फोन आला.

“ट्रॅक्टरवाला माळ नांगरायला आलाय. म्हणतो, तूच बोलावलंस. तू येईपर्यंत थांबवलंय त्याला.”

त्याला आठवलं. ट्रॅक्टरवाल्यानं फोनवर विचारलं होतं, “माळ नांगरून टाकू का?” सवयीनं तो “बहुधा” म्हणाला होता. ताईची गुरं त्याच माळावर चरत. माळ नांगरला तर तिला गुरं विकावी लागणार. निम्मा माळ मात्र त्याच्या स्वतःच्या नावावर होता.

मिळेल त्या बसनं तो पोचला. ट्रॅक्टर धूर सोडत उभा होता. ताई काठी टेकून उभी होती, मागे गुरं.

“आलास? बोल आता. मी काही सांगणार नाही,” ताई म्हणाली.

“साहेब, डिझेल जळतंय,” ट्रॅक्टरवाला ओरडला.

त्याच्या ओठांवर तोच शब्द आला. त्यानं तो गिळला. मग ताईच्या हातातली काठी ओढली आणि “हैक! हैक!” करत गुरं थेट ट्रॅक्टरपुढून माळावर घातली. इंजिन थांबलं.

“म्हणजे नाही?” ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं.

“नाही. चूक माझी, जा तू.”

ताई पदर तोंडाला लावून हसली. “अरे शहाण्या, उलटी हाकलीस. ती बघ, शेजाऱ्याच्या पिकात चालली!”

तो धावला. धापा टाकत, काठी हवेत फिरवत. कचेरीतल्या पानावरची चांदणी अजून तशीच होती, आणि कुणास ठाऊक, तशीच राहणार होती. पण पायाखालची ढेकळं खरी होती, आणि पुढची गाय काही केल्या वळत नव्हती.