फोटोतल्या पाचव्या बाईचा रोजा

अन्याय झाला तो माझ्या मैत्रिणीवर. गेल्या रमजानमध्ये, अकराव्या रोज्याच्या दिवशी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. वेळ फोटोवर आहे म्हणून इतकी पक्की सांगता येते. जागा, शहापुरात तहसील कचेरीसमोर आम्ही टाकलेला मंडप. अन्याय करणारी मी.

पत्रकं आम्ही अशीच लिहितो. आधी कोणावर, मग कधी, मग कुठे, मग कोणी. शेवटच्या जागी स्वतःला लिहायची वेळ पहिल्यांदाच आली.

आमची मागणी टँकरची होती. उंबरमाळीच्या वरच्या अंगाला आमचे पाडे. फाल्गुनातच विहिरीचा तळ दिसू लागतो, आणि भातसानगरचं धरण त्याच तालुक्यात, मुंबईला पाणी देतं. त्यासाठी आम्ही साखळी उपोषण धरलं होतं. रोज पाच बाया सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा उपाशी बसणार, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पाच. मागे फळा, फळ्यावर दिवस कितवा आणि पाच नावं. पाचाच्या चार झाल्या की बघणारा म्हणतो, यांचं ढिलं पडलं. म्हणून पाच म्हणजे पाच, हा नियम माझाच.

मैत्रीण मुरबाडची. सकाळच्या एसटीने यायची आणि कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करायची. आमची सगळी पत्रकं तिच्याच हातची. माझं एखादं वाक्य फार चढलं की म्हणायची, "हे जरा खाली उतरव गो. लोकांनी वाचायचं हाय, पळायचं नाय."

रमजान लागला तेव्हा तिच्यात काय फरक पडला? काहीच नाही, आणि मला तेच खुपलं. ती पहाटे उठून दोन घास खाऊन निघायची. दिवसभर पाण्याचा थेंब नाही, आणि दुकानात तेच हसणं, तोच खटखट आवाज. गिऱ्हाईक चहा घेऊन आलं तर "ठेवा तिथं, वयनी घेतील" म्हणून कप शेजारच्या बाईकडे सरकवायची. रोजा आहे असं स्वतःहून कुणाला सांगायची नाही.

आणि मी? मी उपाशी बसणार हे आदल्या दिवशी अठ्ठावीस ग्रुपांवर गेलेलं. माझ्या मागे बॅनर, पुढे माइक. दर तासाला कुणीतरी येऊन विचारणार, "ताई, चक्कर नाय ना येत?" ते विचारायला कुणी आलं नाही की मला खरंच चक्कर यायची. पाड्यावरची एक म्हातारी मंडपात माझ्या शेजारीच बसलेली. समोरच्या दुकानाकडे बोट करून म्हणाली, "ती पोर बघ. तिचा उपास दिसत पण नाय. तुझा लांबून दिसतो." बाया हसल्या. मीही हसले. पण ते पोटात जाऊन बसलं.

आता वडापावचं सांगते. म्हातारी हे बोलली त्याच दिवशीचं. उपोषणाचा दुसरा दिवस, मी स्वतः पाचांत होते. दुपारी तीनला लघवीला जाते म्हणून उठले, आडव्या गल्लीतून वडापाव घेतला आणि तो पदराखाली लपवून थेट तिच्या दुकानात मागच्या बाजूला शिरले. तिच्याकडेच का गेले? तिथे पडदा होता म्हणून. आणि ती बोलणार नाही हे माहीत होतं म्हणून. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, उठली, पडदा ओढला, आणि शटर अर्ध्यावर आणलं. बाहेर कुणीतरी विचारत होतं, "बंद केलंत का?" ती म्हणाली, "झेरॉक्सची मशीन तापलीय. दहा मिंटांनी या." मग हळहळली, "रोज्यात खोटं बोलायला लावलंस मला." माझ्यासमोर पाण्याची बाटली ठेवली आणि पुन्हा टायपिंगला बसली. माझी पाठ तिच्याकडे. मी चावत होते, आणि पहाटेपासून उपाशी असलेली ती माझंच पत्रक टाइप करत होती. त्यात मथळा होता, "अन्नाचा कणही न घेता".

तिने मला एक शब्द बोलून दाखवला असता तर बरं झालं असतं. मग मला तिच्यावर चिडता आलं असतं. मला हेवा तिच्या भुकेचा नव्हता, भूक मीही काढलेली आहे, न ठरवता. हेवा याचा, की तिला माहीत होतं ती कुणासाठी उपाशी आहे, आणि तेवढं तिला पुरत होतं. मला पुरत नव्हतं. माझ्यावरची नजर हलली की माझा उपास हलायचा.

उपोषणाच्या तिसऱ्या दिवशी पाचवी बाई आली नाही. तिच्या नातवाला ताप. फळ्यावर चार नावं आणि एक रिकामी रेघ. चारला मैत्रीण पत्रकांचे गठ्ठे घेऊन मंडपात आली आणि ते लावायला म्हणून सतरंजीवर टेकली. रिकाम्या जागेवरच.

मी फळा तिच्या मागे सरकवला. "जरा वर बघ गो," म्हणाले. तिने वर बघितलं, ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं. मी फोटो काढला आणि खाली लिहिलं: आपल्या पाण्यासाठी मुस्लिम भगिनीही रोजा ठेवून उपोषणाला! शहापूर, वाशिंद, मुरबाड, सगळीकडे गेला. दुसऱ्या दिवशीच्या गुलाबी पत्रकावरही छापला. ते पत्रक मी मुद्दाम वाशिंदला टाइप करून घेतलं.

तेव्हा मी स्वतःला सांगितलं, आकडा भरायचा होता. खोटं. आकडा कुठल्याही बाईने भरला असता. मला तिची भूक माझ्या बॅनरखाली आणायची होती. ती माझ्याएवढीच करायची होती.

सकाळी ती दुकानात होती. गुलाबी पत्रक पुढ्यात.

"खोटं लिहिलंय का?" मीच आधी सुरू झाले. "रोजा होता ना तुझा?"

"होता."

"आणि पाणी पाड्याला मिळावं असं तुला वाटतं ना?"

"वाटतं. म्हणून तर रात्री घरी बसून पण टाइप केलं तुमचं."

"मग?"

ती पत्रकाची घडी घालत राहिली. "नमाजला उभी राहिले तर चार बाया बघतात. कुणाला काय दिलं तर घेणाऱ्याला कळतं. रोजा कुणाला दिसत नाय. पडद्यामागं जाऊन पाणी प्याले तर कोण बघणाराय? मी नाय पीत, हे मला आणि अल्लाला ठाऊक. तेवढंच एक आमच्या दोघांतलं होतं. तू ते तहसीलदाराला दाखवलंस."

"भूक ती भूक," मी म्हणाले. आवाज चढला होता, दुकानात माणसं होती. "दिसल्याशिवाय लढा होत नाही. तुमचं काय, स्वर्गाचं तिकीट काढायचं आणि गप बसायचं."

हे मी बोलले. जसंच्या तसं लिहिते आहे.

ती म्हणाली, "माझा रोजा हाय. मला भांडायचं नाय आज." आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा कागद घेतला.

मला तो माज वाटला. नंतर तिच्या धाकट्या बहिणीने मला समजावलं की ते वाक्य भांडण टाळायलाच असतं. तोंड, कान, डोळे, जीभ, सगळ्यांचाच रोजा असतो. कुणी वाकडं बोललं की आपण रोज्यात आहोत एवढं म्हणायचं आणि थांबायचं. नुसतं पोट उपाशी ठेवलं तर हाती भूक लागते, दुसरं काही नाही. बहीण हे पाढे म्हणावेत तसं सांगत होती. मला आतून जळायला झालं. आमच्या साखळी उपोषणाच्या नियमांत जिभेचा नियम नव्हता.

मग दुकानात लोक यायला लागले. कुणी चेष्टेने, "काय उपोषणवाल्या, चहा चालतो का?" कुणी खरंच कौतुकाने. एक जण मोबाइल घेऊन संध्याकाळी उभा राहिला, ती खजूर तोंडात टाकून रोजा सोडतानाचा व्हिडिओ हवा म्हणून. मुरबाडला तिच्या वडिलांना गल्लीत विचारणा झाली की पोर कुठल्या मंडपात बसते. ती पडद्यामागे बसून टाइप करू लागली. त्याच पडद्यामागे, जिथे मी वडापाव खाल्ला होता. ईद झाली आणि तिने काम सोडलं. आता मुरबाडला घरी फॉल-पिको करते.

टँकर आला, तेही सांगायला हवं. तिच्या फोटोमुळे आला असं आमच्यातले काही म्हणतात. मला वाटत नाही. आणि तसं असलं तरी अन्याय कोणी केला याचं माझं उत्तर बदलत नाही.

मागच्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले. मशीनवर बसली होती. मी सांगितलं, हे लिहिते आहे. तिने दोरा तोडला. "नाव नको. गल्ली नको. आणि मी लई चांगली बाई असं तर अजिबात लिवू नको."

"बरं."

"आणि ते वडापावचं पण नको. तुझी लाज जाईल उगाच."

म्हणजे अजूनही पडदा तीच ओढत होती. मी तिथेच हेव्याने पुन्हा एकदा जळले. जाताना मी विचारलं, दुकानात परत येशील का. मालकाने जागा ठेवली आहे. ती म्हणाली, "तो फोटो परत फिरायला लागलाय गो. रमजान जवळ आला ना. कसल्या-कसल्या ग्रुपवर, ऐक्य म्हणून. तो असेपर्यंत मी तिथं बसले की मी फोटोतली बाई."

तर आता तुम्ही. शहापूर-मुरबाडकडे राहत असाल तर तो फोटो तुमच्याकडे आहे. सतरंजीवर पाच बाया, उजवीकडून पहिली वर बघणारी. मोबाइल काढा आणि तो पुसा. कुणी पाठवला तर पुढे पाठवू नका, त्यालाही पुसायला सांगा. घरात ते गुलाबी पत्रक असेल, डब्याखाली, कपाटात, कुठेही, तर पेन घ्या आणि फोटोखालची ओळ खोडा. आणि ती दुकानात परत दिसली तर कागद द्या, टाइप करून घ्या, आणि तिला रोजा आहे का ते विचारू नका.